पुनर्वसन वैद्यकात पहिले पाऊल: मराठवाड्यातील नव्या निवासी डॉक्टरांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यात एखाद्या घरात अर्धांगवायूचा रुग्ण असला, की घरची माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ असे सांगतात. हे सांगताना रोगाचे नाव त्यांच्या मनात नसते. पहाटे उठून रानात जाणारा माणूस आता बाजेवरून उठत नाही, हे ते सांगत असतात. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हे वारे का गेले ते शोधायला आपण शिकतो: मेंदूतील कोणती रक्तवाहिनी बंद झाली, रक्तदाब किती होता, सीटी स्कॅनमध्ये काय दिसले. तो माणूस पुन्हा रानापर्यंत कसा पोहोचेल, हा प्रश्न मात्र डिस्चार्ज कार्डावरील ‘फिजिओथेरपी घ्यावी’ या एका ओळीत संपतो. भौतिक वैद्यक व पुनर्वसन, म्हणजे ज्याला आपण सारे पीएमआर म्हणतो, ती शाखा त्या ओळीपाशी सुरू होते.

लातूर, नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या आठ जिल्ह्यांतून जे तरुण डॉक्टर या शाखेकडे वळत आहेत, किंवा वळावे की नाही याचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिकण्याचा जो क्रम मला उपयोगी वाटतो तो येथे दिला आहे. त्याच्या मुळाशी एकच आग्रह आहे: रुग्णाचा दिवस कसा जातो हे आधी शिका आणि बाकीची सारी कौशल्ये त्याभोवती बसवा.

पहिली पायरी: आपण नेमके काय होणार आहोत ते समजून घेणे

‘म्हणजे तुम्ही फिजिओथेरपिस्ट का?’ हा प्रश्न तुम्हाला नातेवाईक विचारतील, रुग्ण विचारतील आणि इतर विभागांतील सहकारीही विचारतील. त्याने दुखावून जाऊ नये आणि फिजिओथेरपिस्टला कमी लेखून त्याचे उत्तर तर मुळीच देऊ नये. फिजिओथेरपी हा स्वतंत्र आणि सखोल व्यवसाय आहे. पीएमआरचा डॉक्टर हा एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेतलेला वैद्य असतो. निदान, औषधे, इंजेक्शने, कृत्रिम अवयवांची शिफारस, मूत्राशय आणि त्वचेची काळजी, शस्त्रक्रियेची गरज ओळखणे आणि या सर्वांना एका उद्दिष्टाखाली आणणे, ही त्याची जबाबदारी असते. ज्या आजाराला पूर्ण उतारा नाही, त्या आजारासह माणूस किती स्वावलंबी होऊ शकतो, याचा वैद्यकीय अंगाने विचार करणारा डॉक्टर, असे मी थोडक्यात सांगतो आणि बहुतेकांना ते पटते.

या शाखेचा भारतातील इतिहास वाचताना डॉ. मेरी वर्गीस यांच्यापाशी थांबावे. १९५४ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करत असताना एका मोटार अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसन वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुनर्वसन म्हणजे रुग्णाला जगवून ठेवणे एवढेच असते, असे ज्याला वाटते, त्याला हे एक आयुष्य पुरेसे उत्तर आहे.

दुसरी पायरी: प्रवेश आणि विभागाची निवड

एमबीबीएस आणि आंतरवासिता पूर्ण झाल्यावर नीट-पीजी परीक्षेतून एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जातात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आपल्या सर्वांत जवळची मोठी संस्था आहे. वेल्लोर, दिल्लीचे एम्स, लखनौ आणि जयपूर येथील विभागही जुने व अनुभवी आहेत.

जागांची यादी पाहून केवळ शहरावरून निवड करू नये. शक्य असेल तर त्या विभागात एक दिवस जाऊन बसावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. विभागाच्या स्वतःच्या खाटा आहेत का? कृत्रिम अवयव आणि कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणारे साधन, बनवणारे वर्कशॉप त्याच आवारात आहे का? डॉक्टर, थेरपिस्ट आणि परिचारिका आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून एकेका रुग्णावर बोलतात का? खाटा नसलेल्या विभागात गुडघेदुखी आणि कंबरदुखीची ओपीडी भरपूर शिकायला मिळते. मज्जारज्जूच्या इजेचा रुग्ण पहिल्या आठवड्यापासून घरी जाईपर्यंत पाहण्याची संधी मात्र तेथे मिळत नाही, आणि ती उणीव नंतर भरून काढणे फार कठीण जाते.

गुण कमी पडले म्हणून ही शाखा मिळाली, अशा भावनेने येणारे काही जण असतात. त्यांना मी एवढेच सांगेन की पहिले सहा महिने वॉर्डातच काढा आणि मग ठरवा.

तिसरी पायरी: पहिल्या तीन महिन्यांत इतिहास घेणे नव्याने शिकणे

येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे, कारण या लेखाचा बराचसा भाग तिच्यातूनच आला आहे. निवासी डॉक्टर असताना एका तरुण शेतमजुरावर आम्ही उपचार केले. चिंचेच्या झाडावरून पडून त्याचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. लांब कॅलिपर आणि कुबड्या देऊन त्याला वॉर्डात वीस पावले चालवले. त्या दिवशी आम्हाला सर्वांना आनंद झाला, आणि मी केसपेपरवर ‘चालू लागला’ असे लिहून त्याला घरी पाठवले. सहा महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या बैठकीवर हाडापर्यंत गेलेली जखम होती. कॅलिपर घरी खुंटीला टांगलेले होते. त्याच्या घराला फूटभर उंच उंबरा होता, अंगण ओबडधोबड होते, शौचास बाहेर जावे लागे आणि दिवसाचे दहा तास तो बाजेवर एकाच जागी बसून असे. त्याला हवी होती बसण्याची योग्य गादी, दर काही मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलण्याची सवय आणि बाजेवरून जमिनीवर उतरण्याचे तंत्र. यांपैकी काहीच मी विचारले नव्हते आणि शिकवलेही नव्हते.

म्हणून नेहमीच्या इतिहासानंतर केसपेपरवर ‘घर’ आणि ‘दिवस’ अशी दोन शीर्षके स्वतःच्या हाताने लिहायची सवय लावून घ्या. घर माळवदाचे आहे की पत्र्याचे? ओसरी आणि अंगण यांत किती पायऱ्या आहेत? झोपायला बाज आहे, लाकडी पलंग आहे की जमिनीवर अंथरूण? संडास घरात आहे का, असल्यास बसका आहे की खुर्चीचा, आणि त्याच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाईल का? पाणी कोण भरते? रुग्ण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करत होता, आणि आता त्यातले काय कोण करते? हे विचारायला वीस मिनिटे लागतात. रुग्णाच्या आईला किंवा पत्नीला विचारल्यास उत्तरे अधिक खरी मिळतात, कारण पुरुष रुग्ण लाजेपोटी ‘जमतंय की’ असे म्हणून मोकळा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेले कार्यक्षमता आणि अपंगत्वाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, म्हणजे आयसीएफ, हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडते. शरीराची रचना व कार्य, माणसाच्या कृती, समाजातील सहभाग आणि या सर्वांवर परिणाम करणारा परिसर, असे त्याचे भाग आहेत. परीक्षेसाठी ते पाठ करावेच लागेल. पण ज्याने उंबऱ्याची उंची विचारली आहे, त्याला ‘परिसर’ म्हणजे काय हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

तपासणीची साधने मात्र काटेकोरपणे शिकावीत, कारण मोजमापाशिवाय सुधारणा सांगता येत नाही. स्नायूंची ताकद शून्य ते पाच या मापावर, ताठरपणा सुधारित ॲशवर्थ मापावर, रोजच्या कामांतील स्वावलंबन शून्य ते शंभर गुणांच्या बार्थेल निर्देशांकावर किंवा अठरा ते एकशे सव्वीस गुणांच्या एफआयएम मापावर नोंदवतात. मज्जारज्जूच्या इजेत ए ते ई असे पाच गट पाडतात, आणि इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे गुदद्वाराभोवतीची संवेदना, आतील दाबाची जाणीव आणि तेथील स्नायूचे ऐच्छिक आकुंचन यांवरून ठरते. संकोचामुळे नवे डॉक्टर नेमकी हीच तपासणी टाळतात आणि पूर्ण इजा असे लिहून मोकळे होतात. तसे लिहिण्याने एका कुटुंबाची आशा आणि पुढील उपचारांची दिशा दोन्ही बदलतात. रुग्णाला कारण समजावून सांगा, पडदा ओढा आणि तपासणी पूर्ण करा.

चौथी पायरी: मज्जारज्जूचा वॉर्ड

संपूर्ण प्रशिक्षणातील सर्वांत मोठा भाग मी या वॉर्डाला देतो, कारण येथे जो शिकतो त्याला बाकी सारे सोपे जाते. आपल्याकडे विहिरीत पडलेले, झाडावरून किंवा माळवदावरून पडलेले, ट्रॅक्टर उलटून चिरडलेले आणि मोटारसायकलच्या अपघातात सापडलेले रुग्ण येतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा ढिगाऱ्यातून माणूस जिवंत बाहेर काढताना पाठीचा कणा सरळ धरून उचलला नाही, तर मज्जारज्जूची अपूर्ण इजा पूर्ण होऊ शकते. पुनर्वसनाची सुरुवात उचलण्याच्या क्षणी होते, हे मराठवाड्यातील डॉक्टरने तरी विसरू नये.

सर्वप्रथम त्वचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूची इजा झालेले बहुतेक रुग्ण अंथरुणातील जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे आणि मूत्राशयाची शिस्तबद्ध काळजी यांचा आग्रह धरला, आणि चित्र बदलले. तेच आजही करायचे आहे. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता खाटेला लावा आणि रात्री दोन वाजता स्वतः जाऊन पाहा की ती खरोखर बदलली आहे का. माकडहाड, मांडीच्या वरच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, टाच आणि बैठकीची हाडे येथील त्वचा रोज पाहा. दाबून सोडल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची पहिली अवस्था असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने ऊब आणि टणकपणा जाणून घ्यावा लागतो. पुस्तकांतील चित्रे गोऱ्या त्वचेची असल्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे मुद्दाम शिकावी लागते.

मग मूत्राशय. कायमचा कॅथेटर घालून रुग्णाला घरी पाठवणे सर्वांत सोपे असते आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट. १९७२ मध्ये अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडीस यांनी मांडलेली स्वच्छ, ठरावीक अंतराने कॅथेटर घालण्याची पद्धत रुग्णाला किंवा घरच्यांना शिकवावी. दर चार ते सहा तासांनी मूत्राशय रिकामे करायचे आणि एका वेळी साठणारी लघवी ५०० मिलीलिटरच्या आत ठेवायची, हे सूत्र. हात साबणाने धुणे आवश्यक आहे. दर वेळी निर्जंतुक हातमोज्यांची गरज नसते, हे स्पष्ट सांगितले नाही तर खर्चाच्या भीतीने कुटुंब ती पद्धतच सोडून देते. रुग्ण पाणी किती आणि केव्हा पितो याचा तक्ता लिहून द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा लघवीच्या त्रासाच्या भीतीने रुग्ण पाणीच पिणे बंद करतात आणि खड्यांची तक्रार घेऊन येतात.

उन्हाळ्याची आणखी एक बाब आहे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या रुग्णाला इजेच्या खाली नीट घाम येत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपवलेल्या अशा रुग्णाचे तापमान झपाट्याने वाढते आणि जंतुसंसर्ग समजून त्याला प्रतिजैविके दिली जातात. ओले फडके, पंखा आणि सावलीची जागा हाही उपचाराचा भाग आहे आणि तो डिस्चार्ज कार्डावर लिहावा.

सहाव्या वक्षीय, म्हणजे छातीमागच्या मणक्यांतील सहाव्या, पातळीवर किंवा तिच्या वर इजा असेल, तर अचानक रक्तदाब वाढण्याचा प्रसंग रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना शिकवलाच पाहिजे. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. या रुग्णांचा नेहमीचा वरचा रक्तदाब नव्वद ते एकशे दहा असतो. त्यामुळे एकशे चाळीस हा आकडा गावातील डॉक्टरला किरकोळ वाटला तरी या रुग्णासाठी तो धोक्याचा असतो. रुग्णाला ताबडतोब बसते करावे, घट्ट कपडे सैल करावेत, कॅथेटर दुमडला किंवा तुंबला आहे का ते पाहावे, मूत्राशय रिकामे करावे, मग मलावरोध आहे का ते तपासावे, आणि तोवर दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजत राहावे. कारण दूर होताच दाब उतरतो. न उतरल्यास औषध आणि तातडीने रुग्णालय. हा मजकूर मराठीत एका कार्डावर छापून रुग्णाच्या पाकिटात ठेवायला द्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तो वाचू शकेल.

शौचाची वेळ रोज एकच ठेवावी, शक्यतो जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, कारण त्या वेळी आतड्यांची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. बसक्या संडासावर मध्ये भोक पाडलेली खुर्ची ठेवली की बहुतेक घरांतील प्रश्न सुटतो. खुर्चीला त्या जागी मऊ आवरण हवे, अन्यथा संवेदना नसलेल्या त्वचेवर तेथेच जखम होते.

आणि बोलणे. तरुण रुग्ण रात्री कोणाला सांगतो की ‘आता जगून काय करू’, ते परिचारिकेला कळते पण डॉक्टरला कळत नाही. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही. नुकतेच लग्न झालेल्या जोडप्याला लैंगिक जीवन आणि अपत्य याबद्दल प्रश्न असतात आणि ते स्वतःहून कधीही विचारणार नाहीत. तो विषय तुम्हीच काढायचा आहे, एकांतात आणि सभ्य मराठी शब्दांत. ते शब्द आधी शोधून ठेवावे लागतात, कारण हे सारे आपण इंग्रजीत शिकलेले असतो.

पाचवी पायरी: मेंदूचा झटका, लहान मुले आणि कापलेले अवयव

मेंदूच्या झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो आणि पुढे ती संथपणे चालू राहते. याच काळात घरची माणसे तेल, मालिश आणि देवऋषी यांच्यामागे फिरून उशिरा येतात. त्यांना रागावू नये. कोणते आठवडे हातचे गेले हे समजून घ्यावे आणि उरलेल्यांचा हिशेब मांडावा. रुग्णाला उठवताना लुळा हात ओढल्यामुळे खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. म्हणून खांद्याला आधार कसा द्यायचा हे दाखवणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे. आडवे झोपवून चहा पाजणे ही आपल्याकडील मायेची रीत आहे आणि त्यातूनच तो चहा फुफ्फुसात जातो. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये.

ताठरपणासाठी बॅक्लोफेन देताना ते अचानक बंद केल्यास झटके आणि भ्रम होऊ शकतात, हे रुग्णाच्या घरी माहीत असले पाहिजे, कारण औषध संपल्यावर तालुक्याच्या गावी ते मिळेलच असे नाही. बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारण तीन महिने टिकतो. त्या अवधीत व्यायाम आणि स्प्लिंट यांची योजना तयार नसेल तर महागडे इंजेक्शन वाया जाते. काही रुग्ण पायाच्या ताठरपणाच्या आधारावरच उभे राहत असतात, म्हणून कमी करण्याआधी तो कशाला उपयोगी पडत आहे ते पाहावे.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या, मुलाच्या आईला ‘मोठं झालं की चालेल’ असे कोणीतरी सांगितलेले असते. हालचालींच्या क्षमतेनुसार पाच पातळ्या पाडणाऱ्या जीएमएफसीएस या वर्गीकरणाने मुलाची पुढील वाटचाल बऱ्याच प्रमाणात सांगता येते. अधिक अडचणीच्या तीन पातळ्यांतील, म्हणजे तीन ते पाचमधील, मुलांच्या खुब्याचे एक्स-रे ठरावीक अंतराने काढलेच पाहिजेत, कारण खुबा हळूहळू आणि न दुखता निसटतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत एक अडचण अशी असते, की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि मूलही त्यांच्याबरोबर पाचसहा महिने फडावर राहते. तपासणीच्या तारखा देताना हे लक्षात घ्या: दिवाळीच्या आसपास टोळी निघण्यापूर्वी एक आणि गुढीपाडव्यानंतर परतल्यावर एक. जन्मतः वाकड्या पावलाच्या मुलांत पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल सरळ होते. त्यानंतर चारेक वर्षांपर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात. ते बूट फडावर सोबत नेले आहेत का, हे विचारल्याशिवाय टोळीला निरोप देऊ नये.

अवयव कापलेल्या रुग्णांत मधुमेही पाय आणि मळणीयंत्रात गेलेला हात ही आपल्याकडील नेहमीची कारणे आहेत. गुडघ्याखाली पाय कापलेल्या रुग्णाच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नये. बरे वाटते म्हणून ती ठेवली जाते, गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाही. वर्कशॉपमध्ये किमान एक महिना काढा आणि तेथील तंत्रज्ञाला गुरू माना. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला तो अशाच सहकार्यातून. बूट न घालता चालता यावे, उकिडवे आणि मांडी घालून बसता यावे, ओल्या रानात जाता यावे, ही भारतीय माणसाची गरज त्यात ओळखली गेली. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाऊल रुतते आणि कृत्रिम पाय मातीसकट निसटू लागतो. शेतकरी रुग्णाचा पाय बसवताना त्याला विभागाच्या फरशीवर चालवून समाधान मानू नये, बाहेर मातीवर चालवून पाहावे.

नसांच्या विद्युत तपासण्या, सांध्यांतील इंजेक्शने आणि सोनोग्राफीचा उपयोग हे दुसऱ्या वर्षात हाताने करूनच येते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की नस तुटल्यानंतर सुईने केलेल्या तपासणीत स्नायूंतील बदल स्पष्ट दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी तपासणी करून ‘सर्व ठीक’ असा अहवाल देणे रुग्णाची दिशाभूल करते.

सहावी पायरी: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

हे काम अनेकांना कारकुनी वाटते. मला ते उपचाराइतकेच गंभीर वाटते, कारण त्या कागदावर एसटीच्या प्रवासाची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, नोकरीतील आरक्षण आणि साहित्याची मदत अवलंबून असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य आहेत आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यूडीआयडी या दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्र योजनेच्या ऑनलाइन नोंदणीतून मिळते.

टक्केवारी अंदाजाने लिहू नये. शासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील सांधा, ताकद आणि समन्वय यांची मोजणी स्वतः करावी. दोन वेगळी दिव्यांगत्वे असतील तर त्यांची बेरीज करत नाहीत. मोठा आकडा क आणि लहान आकडा ख धरल्यास, ९० मधून क वजा करून त्याला ख ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि येणारी संख्या क मध्ये मिळवायची. पन्नास आणि तीस टक्के असतील, तर एकूण ऐंशी न होता सुमारे त्रेसष्ट होतात. ही रीत रुग्णाला समजावून सांगितली तर ‘साहेबांनी टक्के कापले’ ही समजूत राहत नाही. ओळखीच्या माणसासाठी टक्के वाढवण्याचा दबाव येईल आणि गरीब रुग्णाला तीन फेऱ्या मारायला लावण्याची पद्धतही दिसेल. दोन्हींना आपल्या टेबलावर थारा देऊ नये. आठवडी बाजाराच्या दिवशी गावाकडून येणे लोकांना सोपे जाते, तेव्हा शिबिराचा वार त्याप्रमाणे ठेवावा.

सातवी पायरी: चमूची बैठक आणि उद्दिष्टाचे वाक्य

फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचार तज्ज्ञ, वाचा-उपचार तज्ज्ञ, कृत्रिम अवयव तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा अधीक्षक आणि परिचारिका यांच्या साप्ताहिक बैठकीत नव्या डॉक्टरने आधी ऐकावे. प्रत्येक रुग्णासाठी एक उद्दिष्ट मराठीत, रुग्णाच्या शब्दांत लिहावे, आणि त्याला मुदत घालावी. ‘चालण्यात सुधारणा’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘तीन आठवड्यांत बाजेवरून खुर्चीत स्वतः बसेल आणि सुनेच्या मदतीशिवाय ओसरीवर येईल’ हे उद्दिष्ट झाले. असे वाक्य लिहिले की कोणाचे काम कोणते, यावरचा वाद आपोआप कमी होतो. घरी पाठवण्यापूर्वी नातेवाइकांकडून कॅथेटर घालणे, कूस बदलणे, उचलणे ही कामे तुमच्यासमोर तीन वेळा करवून घ्यावीत. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते, म्हणून त्यावर विसंबू नये.

आठवी पायरी: तिसरे वर्ष आणि परत येण्याची तयारी

प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या भागातील प्रश्न घ्यावा: ऊसतोड कामगारांच्या पाठीच्या इजा, घरी गेल्यानंतर सहा महिन्यांनी होणाऱ्या जखमा, किंवा दिलेल्या साहित्यापैकी प्रत्यक्ष किती वापरले जाते. लॉगबुकमध्ये केलेल्या इंजेक्शनांबरोबर किमान दहा गृहभेटी असाव्यात, असा माझा आग्रह आहे. एसटीने जा, रुग्णाच्या ओसरीवर बसा आणि तो पाणी कसे घेतो ते पाहा. पुण्याजवळ खडकी येथील सैनिकांचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र पाहण्याची संधी मिळाल्यास चुकवू नये. मज्जारज्जूची इजा झालेली माणसे अनेक वर्षे निरोगी राहून काम आणि खेळ करतात, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

परत येऊन जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी विभाग सुरू करायचा असेल, तर मोठ्या यंत्रांची यादी करून वाट पाहत बसू नका. एक हवेशीर खोली, दोन रुंद आणि खुर्चीच्या उंचीच्या खाटा, वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेले समांतर दांडे, एक मोठा आरसा, रक्तदाबाचे यंत्र, कॅथेटर, वेगवेगळ्या जाडीच्या फोमच्या गाद्या आणि रुग्ण बसू शकेल असा संडास एवढ्यावर काम सुरू होते. खोलीच्या दाराशी उतार बांधताना एकास बारा हे प्रमाण धरावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. गवंडी जागा वाचवण्यासाठी तो निम्म्यावर आणू पाहील, म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी फळी टाकून त्यावरून चाकाची खुर्ची स्वतः ढकलून पाहा, आणि मग त्याच खुर्चीत बसून एकट्याने वर चढून पाहा.